उबुंटू २२.०४ केल्यावर दूध काटा दिसेनासा झाला : एक प्रकरण अभ्यास

कराड तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेपाचला, असं दोन वेळा संकलन चालतं. खातेदार ऐंशीच्या आसपास. कुणाची एकच गाय, कुणाच्या गोठ्यात चार म्हशी. भाऊ कॅन आणि नमुने बघतो, कॉम्प्युटरवर वहिनी बसतात. मी पुण्यात नोकरी करतो, पण केंद्राचा कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. त्यावर उबुंटू ही लिनक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. वजन आणि फॅट आपोआप उतरवून घेणारा पायथनमधला प्रोग्रॅम २०२० च्या टाळेबंदीत मीच लिहिला.

३ सप्टेंबर २०२२ ला, शनिवारी, नेमक्या गौरी आवाहनाच्या दिवशी ही यंत्रणा बिघडली. असा बिघाड खूप जणांना आला असेल. तरी तपशिलात लिहून ठेवतोय, कारण त्या संध्याकाळी पडद्यावर एक आकडा असा आला की तो साफ चुकीचा होता आणि तरीही सहज खपून गेला असता. दूध घालणाऱ्याच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे दहा दिवसांच्या बिलातले पैसे असतात.

मांडणी अशी आहे. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी फॅट मशीन. दोन्हींच्या पाठीमागे नऊ पिनांचा जुना सिरियल पोर्ट. आजकालच्या कॉम्प्युटरला तो नसतो, म्हणून मध्ये दोन यूएसबी-टू-सिरियल केबली. एक केबल सुरुवातीला घेतलेली, दुसरी वर्षभराने, वेगवेगळ्या दुकानांतून. आत कुठली चिप आहे हे घेताना मी विचारलं नव्हतं. लिनक्समध्ये अशी केबल लावली की टीटीवाय-यूएसबी-० या नावाची एक वाट तयार होते. दुसरी लावली की टीटीवाय-यूएसबी-१. माझा प्रोग्रॅम ० वरून वजन वाचायचा आणि १ वरून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. दोन वर्षं हे बिनतक्रार चाललं.

उबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं. आमच्यासारख्या २०.०४ ही जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना थेट अपग्रेडची सूचना मिळाली ती २२.०४.१ आल्यावर, म्हणजे ११ ऑगस्टनंतर. खरं तर घाई नव्हती, २०.०४ ला २०२५ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार होत्या. पण मी गणपतीला गावी होतो, आणि सकाळचं संकलन आटोपल्यापासून संध्याकाळपर्यंत नऊ तास कॉम्प्युटर मोकळा होता. दुपारी दोनला अपग्रेड पूर्ण झालं. वायफाय पाहिलं, पावतीचा प्रिंटर पाहिला, खात्यांचा डेटा जागेवर आहे हे पाहिलं. प्रोग्रॅम उघडला, बंद केला. काट्यावर वजन ठेवून मात्र पाहिलं नाही. दोन्ही केबलींचे दिवे लागलेले होते, तेवढ्यावर मी समाधान मानलं. प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांशी बोलायला जातो तो ‘संकलन सुरू’ हे बटण दाबल्यावरच, त्यामुळे दुपारी कसलीच तक्रार दिसली नाही.

संध्याकाळ

साडेपाचला वहिनींनी बटण दाबलं आणि लाल अक्षरांत ओळ आली : काटा सापडत नाही. रांगेत आठ-दहा जण होते. सण असल्यामुळे प्रत्येकालाच घरी लवकर जायचं होतं. अशा वेळी कुणीही करेल तेच आम्ही केलं, दोन्ही केबली काढल्या आणि परत लावल्या. आधी हाताला फॅट मशीनची आली ती लावली, मग काट्याची. पुन्हा बटण दाबलं. आता काट्याबद्दलची तक्रार गेली, आणि तिच्या जागी ‘फॅट मशीन सापडत नाही’ असं आलं. मला वाटलं निम्मं काम झालं. फॅट हातानं टाका, वजन येईल आपोआप, असं मी वहिनींना सांगितलं.

पहिल्या खातेदाराचं दूध काट्यावर ठेवलं. वजनाचा चौकोन रिकामाच. भावाने नमुना फॅट मशीनला लावला. मशीनला नमुना तपासायला मिनिटभर लागतं. ते मिनिट संपलं आणि वजनाच्या चौकोनात ६.८ हा आकडा येऊन बसला.

वहिनींचं लक्ष होतं म्हणून बरं. “भावजी, काट्यावर सहा पॉइंट दोन दिसतंय, आणि हे सहा पॉइंट आठ कुठनं आलं?”

फॅट मशीनच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. फॅट ६.८, एसएनएफ ९.०. म्हशीचं चांगलं दूध. प्रोग्रॅमने फॅटचा आकडा लिटर म्हणून उचलला होता. आणि ६.८ लिटर हा म्हशीच्या एका वेळच्या दुधाचा अगदी रोजचा वाटावा असा आकडा. गाईचं दूध असतं तर ३.७ लिटर नोंदलं गेलं असतं, तेही कुणाला खटकलं नसतं. काट्यात १२ लिटर दूध असतानाही.

मी लगेच प्रोग्रॅम बंद केला. काटा आणि फॅट मशीन दोन्हींना स्वतःचे पडदे आहेत, त्यामुळे संकलन अडलं नाही. वहिनींनी रजिस्टर काढलं आणि कार्बन ठेवून पावत्या लिहायला सुरुवात केली : खाते क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. दर तक्त्यातून बघायचा. गाईला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ आणि म्हशीला ६.० व ९.० हे प्रमाण धरून पुढच्या-मागच्या प्रत्येक पॉइंटला दर बदलतो, म्हणजे प्रत्येक पावतीला तक्त्यात बोट फिरवावं लागतं. साडेसातला संपणारं काम त्या दिवशी नऊला संपलं. एका आजींनी जाताना विचारलं, आता कायमचं हातानंच लिहिणार का. त्यांचा कॉम्प्युटरच्या पावतीवर विश्वास बसायला वर्ष गेलं होतं.

रात्रीचा शोध, आधी चुकीच्या दिशेने

जेवणं झाल्यावर मी बसलो. जोडलेली यूएसबी यंत्रं दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा दिली, तर दोन्ही केबली यादीत होत्या. डिव्हाइसच्या फोल्डरात मात्र एकच टीटीवाय-यूएसबी. म्हणजे यंत्र जोडलेलं आहे हे लिनक्सला कळत होतं, पण त्याच्याशी बोलायची वाट नव्हती.

मग अदलाबदल करून पाहिली. काट्याची केबल फॅट मशीनला लावली, फॅट मशीनची काट्याला. आता काटा चालू आणि फॅट मशीन बंद. बिघाड केबलीबरोबर सरकला! वायरमनपासून रेडिओ दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळे हीच परीक्षा शिकवतात, आणि तिचं उत्तर स्वच्छ होतं : केबल गेली. कपाटात एक नवी केबल होती, पाकीट न फोडलेली. ती लावली. तीही बंद. दोन केबली एकाच दिवशी जातील का? तरीही मी त्या उत्तराला आणखी पाऊण तास चिकटून राहिलो. वेगळा पोर्ट, पुढचा पोर्ट, हब काढून थेट मदरबोर्डच्या पोर्टला. मध्येच सिरियल पोर्ट वापरायची मुभा देणाऱ्या डायलआउट या गटात वहिनींचं लॉगिन आहे का तेही पाहिलं. होतं. तसंही परवानगी नसेल तर वाट दिसते आणि उघडत नाही. इथे वाटच नव्हती.

तिढा सुटायला सुरुवात झाली ती पुतण्याच्या विंडोज लॅपटॉपमुळे. त्याला ती ‘गेलेली’ केबल लावली आणि काट्याचं वजन सरळ दिसायला लागलं. म्हणजे केबली निर्दोष. माझी अदलाबदलीची परीक्षा चुकीची नव्हती, तिच्यातून मी काढलेला अर्थ अपुरा होता. बिघाड केबलीबरोबर सरकतो याचा अर्थ केबल खराब आहे असा होतो, किंवा या जातीच्या केबलीशी कॉम्प्युटरचं काहीतरी वाकडं झालंय असाही होतो.

पुढचा संशय कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर. २२.०४ बरोबर ५.१५ हा कर्नल येतो, आमच्याकडे आधी ५.४ होता, आणि तो अजून डिस्कवर शिल्लक होता. सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून मुद्दाम ५.४ निवडला. फरक शून्य. मग २०.०४ चा जुना इन्स्टॉल पेनड्राइव्ह काढला आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन सुरू केलं. दोन्ही वाटा हजर, ० आणि १.

इथे चित्र बरंच आवळलं गेलं. तेच मशीन, त्याच केबली, तोच ५.४ च्या पिढीचा कर्नल. २०.०४ च्या सोबत चालतं, २२.०४ च्या सोबत नाही. तेव्हा दोष कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये नसून त्याच्या भोवती चालणाऱ्या सेवांपैकी कुणात तरी होता. यूएसबी चालत नाही म्हटलं की आपण ड्रायव्हरच्या मागे लागतो. ही वीस मिनिटांची चाचणी मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण तिने अर्धं मैदान एका फटक्यात बाजूला होतं.

वरची ओळ

कर्नलची रोजनिशी, म्हणजे डीमेसेज, मी सुरुवातीलाच पाहिली होती हे इथे सांगायला हवं. शेवटची ओळ वाचली होती : सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ डिस्कनेक्टेड फ्रॉम टीटीवाय-यूएसबी-०. डिस्कनेक्टेड वाचलं आणि केबल सैल असणार असं ठरवून मोकळा झालो. पुढच्या दीड तासाचं मूळ ते होतं.

आता रोजनिशी वाहती ठेवून केबल लावली आणि एकेक ओळ वाचत गेलो. पडद्यावर हे सगळं रोमन अक्षरांत असतं. क्रम असा :

नवं यूएसबी यंत्र सापडलं, व्हेंडर १ए८६, प्रॉडक्ट ७५२३. सिरियल नंबर ०, म्हणजे या यंत्राला स्वतःचा असा क्रमांकच नाही. सीएच३४१ कन्व्हर्टर ओळखला. टीटीवाय-यूएसबी-० ला जोडला. इथवर सगळं ठीक. त्यानंतर एक ओळ अशी की इनपुट म्हणून बीआरएलटीटीवाय ६.४ लिनक्स स्क्रीन ड्रायव्हर कीबोर्ड आला. कीबोर्ड? आम्ही तर काट्याची केबल लावली होती. आणि लगेच पुढे : यूएसबीएफएस, इंटरफेस ० सीएच३४१ च्या ताब्यात असताना ‘बीआरएलटीटीवाय’ कॉन्फिगरेशन बसवतोय. त्याच्या खाली ती डिस्कनेक्टेडची ओळ.

जोडणी आणि तुटणं यांच्यात क्षणाचंच अंतर. केबल सैल नव्हती. ड्रायव्हरने वाट उघडली होती, आणि दुसऱ्या एका प्रोग्रॅमने येऊन त्याला उठवून यंत्र स्वतःकडे घेतलं होतं. त्या प्रोग्रॅमचं नाव ओळीत अवतरणचिन्हांत लिहिलेलं होतं.

बीआरएलटीटीवाय म्हणजे ब्रेल आणि टीटीवाय, म्हणजे टर्मिनल. दृष्टिहीन माणसाला लिनक्सचा पडदा बोटांनी वाचता यावा म्हणून पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्रॅम. ब्रेल डिस्प्ले नावाचं यंत्र असतं. त्यावर एका ओळीत खाने असतात, प्रत्येक खान्यात वर-खाली होणारे छोटे ठिपके. पडद्यावरचा मजकूर ठिपक्यांत उमटतो, वाचून झाला की ठिपके बदलतात. हा प्रोग्रॅम १९९५ पासून लिहिला जातोय. उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये तो आधीपासून बसवलेला असतो. तसंच असायला हवं, कारण ज्याला पडदा दिसत नाही त्याने तो प्रोग्रॅम आधी इन्स्टॉल कर आणि मग वाच असं म्हणून कसं चालेल? डिस्प्ले लावला की त्याने आपणहून जागं व्हायला हवं, डोळस माणसाची मदत न घेता.

आणि ते जागं होणं कसं घडतं? नवं यंत्र आलं की कर्नल यूडेव्ह या सेवेला कळवतो. यूडेव्ह नियमांच्या फायली चाळतो : अमुक क्रमांकाचं यंत्र आलं तर तमुक कर. बीआरएलटीटीवायची अशी फाइल आहे, नाव ८५-बीआरएलटीटीवाय. तिच्यात जगभरातल्या ब्रेल डिस्प्लेंचे क्रमांक आहेत. त्यात मी १ए८६ शोधलं तेव्हा शीर्षाची ओळ दिसली : बाऊम, एनएलएस ई-रीडर झूमॅक्स, २० सेल्स. खाली नियम, १ए८६/७५२३ आलं की ब्रेलचा ड्रायव्हर सुरू कर.

एनएलएस ही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची दृष्टिहीनांसाठीची ग्रंथसेवा. ती वाचकांना ब्रेल ई-रीडर वापरायला देते, आणि झूमॅक्सने बनवलेला २० खान्यांचा ई-रीडर त्यातला एक. त्या यंत्राच्या पोटात यूएसबीसाठी जी चिप बसवली आहे तीच आमच्या काट्याच्या केबलीत आहे. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयाचा ई-रीडर आणि आमच्या गावचा दूध काटा कॉम्प्युटरला एकाच नावाने हाक मारत होते.

एका नावाची हजार यंत्रं

यूएसबीच्या प्रत्येक यंत्राने जोडल्याबरोबर दोन क्रमांक सांगायचे असतात, बनवणारा कोण आणि वस्तू कुठली. बनवणाऱ्याचा क्रमांक यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम या संस्थेकडून पैसे भरून घ्यावा लागतो. लहान कारखानदार ते करत नाही. तो तयार चिप आणतो, बोर्डावर बसवतो आणि चिपवाल्याचाच क्रमांक पुढे पाठवतो. १ए८६ हा चीनमधल्या नानजिंगच्या क्विनहेंग कंपनीचा क्रमांक, आणि ७५२३ म्हणजे तिची सीएच ३४० चिप. रोजनिशीत दिसलेला सीएच३४१ हा लिनक्सचा ड्रायव्हर हीच चिप चालवतो. ती इतकी स्वस्त आहे की काटे, बारकोड यंत्रं, पावती प्रिंटर, थ्रीडी प्रिंटरचे बोर्ड, आर्डुइनो या शिकाऊ इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या नकला, सगळीकडे बसते. हे सगळे कॉम्प्युटरला आपली ओळख एकच सांगतात. गावात दहा घरांचं आडनाव एक आणि पोस्टमनकडे फक्त आडनावाची पाकिटं, अशातली गत.

आमची दुसरी केबल वाचली ती नशिबाने. तिच्यात प्रोलिफिकची पीएल २३०३ चिप आहे, क्रमांक ०६७बी:२३०३, आणि तो नियमांत नव्हता. कपाटातली नवी केबल मात्र पुन्हा सीएच ३४० चीच निघाली, म्हणून तीही ‘गेली’.

२२.०४ च्या सुमारास हाच त्रास सिलिकॉन लॅब्जच्या सीपी २१०२ चिपवाल्यांनाही झाला, क्रमांक १०सी४:ईए६०. तो क्रमांकही काही ब्रेल यंत्रांशी सामाइक आहे. बीआरएलटीटीवायच्या मूळ प्रकल्पात आता अशा सामाइक क्रमांकांचे नियम वेगळ्या फायलीत ठेवलेले आहेत, म्हणजे उबुंटूसारखं वितरण बनवणाऱ्याला ते बाजूला ठेवायचे तर ठेवता येतात. माझ्या मते हे योग्य आहे. यूडेव्हच्या पातळीवर कॉम्प्युटरकडे दोन क्रमांकांपलीकडे फारशी खूण नसते. तिथे कुठलाही नियम कुणावर तरी अन्याय करणारच. निदान तो अन्याय कुठे होतोय ते एका जागी दिसावं.

दुरुस्ती

रात्री साडेअकरा वाजले होते. आधी निदान पक्कं करायचं म्हणून बीआरएलटीटीवायच्या दोन्ही सेवा, मुख्य आणि यूडेव्हकडून सुरू होणारी, सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमसीटीएल या आज्ञेने थांबवल्या आणि मास्क केल्या, म्हणजे कुणी हाक मारली तरी उठू नयेत. केबल काढून लावली. टीटीवाय-यूएसबी-१ आली आणि टिकली. एक मिनिट, दोन मिनिटं. काट्यावर पाण्याची कळशी ठेवली, आकडा आला.

मग केंद्राच्या कॉम्प्युटरवरून बीआरएलटीटीवाय हे पॅकेजच ॲप्ट रिमूव्हने काढलं. तिथे बसणाऱ्या दोघांपैकी कुणी ब्रेल वापरत नाही, तो कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाचा नाही, आणि सकाळी साडेसहाला रांग लागणार होती. अशा यंत्रावर हाच सर्वांत कमी गुंतागुंतीचा उपाय आहे.

पण सगळीकडे सरसकट हेच सांगितलं जातं ते मला पटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ओळखीच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत हाच प्रकार निघाला. मुलांचे आर्डुइनो बोर्ड सीएच ३४० वाले, कॉम्प्युटर २२.०४ वर नेलेले, एकही बोर्ड दिसत नव्हता. ते कॉम्प्युटर सगळ्या शाळेचे. काही वर्षांनी जूनमध्ये पाचवीत एखादं दृष्टिहीन मूल दाखल झालं आणि कुणी त्याला ब्रेल डिस्प्ले मिळवून दिला, तर तो लावल्यावर काहीच होणार नाही, आणि तीन वर्षांपूर्वी कुणीतरी काय काढून टाकलं होतं हे तेव्हाच्या शिक्षकांना कसं कळणार? म्हणून तिथे मी पॅकेज ठेवलं. नियमांची फाइल ईटीसीखालच्या यूडेव्हच्या रूल्स-डी फोल्डरात त्याच नावाने कॉपी केली. त्या फोल्डरातली फाइल असेल तर यूडेव्ह त्याच नावाची मूळ फाइल वाचत नाही. कॉपीत १ए८६/७५२३ च्या नियमापुढे # लावून तेवढी एक ओळ निष्प्रभ केली, यूडेव्हॲडमने नियम पुन्हा वाचायला लावले, बोर्ड काढून लावले. चालले. बाकी सगळे ब्रेल डिस्प्ले तिथे पूर्वीसारखेच ओळखले जातील. याची एक किंमत आहे : पॅकेजमध्ये पुढे नवे नियम आले तरी आपली कॉपी जुनीच राहते. त्यासाठी फाइलच्या डोक्यावर तारीख, कारण आणि पुढच्या अपग्रेडला ही कॉपी काढून पाहावी असं मराठीत लिहून ठेवलं.

उरलेलं काम माझं होतं

काटा परत आला तरी ६.८ चा प्रश्न तसाच होता. तो बीआरएलटीटीवायने केलेला नव्हता.

घडलं असं. काट्याची केबल हाकलली गेली तेव्हा ० ही जागा रिकामी झाली. आम्ही दोन्ही केबली काढून फॅट मशीनची आधी लावली, तर तिला ० मिळाला. माझा प्रोग्रॅम ० म्हणजे काटा असं धरून बसलेला. दोन्ही यंत्रांचा वेग ९६०० बॉडच ठेवलेला, त्यामुळे अक्षरं कचऱ्यासारखी न येता नीट वाचता आली. प्रोग्रॅम आलेल्या ओळीतली पहिली संख्या उचलायचा, आणि फॅट मशीन पहिल्यांदा फॅटच सांगते. ० आणि १ हे क्रमांक फक्त जोडण्याचा क्रम सांगतात. दोन वर्षं तो क्रम बदलला नाही म्हणून मी त्याला ओळख समजत होतो. वीज जाऊन आल्यावर क्रम उलटा लागला असता तर अपग्रेडविनाही हेच झालं असतं. हे लक्षात आलं तेव्हा मी मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी काढून ज्या दिवशी लिटर आणि फॅट सारखे किंवा उलटसुलट दिसतात असे दिवस शोधले. रात्री एकपर्यंत ते पाहिलं. तसा एकही दिवस सापडला नाही.

बदलायचं काय? लिनक्समध्ये सिरियल वाटांना आणखी दोन प्रकारची कायमची नावं मिळतात, डिव्हाइस फोल्डरातच सिरियल या नावाखाली. एक बाय-आयडी, म्हणजे चिपच्या नावावरून. दुसरं बाय-पाथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या भोकात लावलंय त्यावरून. आज दोन केबलींत दोन चिपा आहेत, तेव्हा बाय-आयडी चाललं असतं. पण उद्या एक केबल तुटली आणि भावाने बाजारातून मिळेल ती आणली, तर दोन्हीकडे सीएच ३४० येऊ शकते, आणि या चिपेला स्वतःचा सिरियल नंबर नसल्यामुळे दोघींची नावं एकच होतील. केबली बदलतात, भोकं बदलत नाहीत. म्हणून बाय-पाथ घेतलं. मागच्या बाजूचं वरचं भोक काट्याचं, खालचं फॅट मशीनचं.

प्रोग्रॅममध्येही एक तपासणी घातली. काट्याच्या ओळीचा साचा ठरलेला आहे, शेवटी एकक येतं. फॅट मशीनच्या ओळीत एकक नसतं आणि संख्या अनेक असतात. साचा जुळला नाही तर चौकोन रिकामा राहतो आणि ‘केबल तपासा’ अशी ओळ येते. काही न दाखवणं हे चुकीचं दाखवण्यापेक्षा लाख पटीने बरं, विशेषतः जिथे समोरचा माणूस आकड्यावर सही करून जातो.

रविवारी सकाळी सहाला मी काट्यावर एक, पाच आणि दहा किलोची मापं ठेवून पाहिली, मग गोठ्यातलं आमचंच दूध फॅट मशीनला लावलं. केबली मुद्दाम उलट्या लावल्या. ‘केबल तपासा’ आलं. वहिनींनी ते दोनदा करून पाहिलं. मग पूजेच्या ताटातलं कुंकू पाण्यात कालवून त्यांनी वरच्या भोकाभोवती आणि काट्याच्या केबलीच्या टोकाला ठिपका लावला. हळदीचा खालच्या भोकाला. मी मार्कर आणतो म्हणालो तर म्हणाल्या, “हे चांगलं दिसतंय की. रंग गेला तर परत लावीन.”

साडेसहाला पहिली पावती छापून आली. रांग ओसरल्यावर आम्ही रजिस्टर घेऊन बसलो, त्या वाचत गेल्या आणि मी कालच्या नोंदी एकेक करून टाकत गेलो. खाते ३४, म्हैस, ६.२ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.०.